रांगेतले रिव्ह्यू

सकाळी ६:३०
टिटवाळ्याहून येणारी लोकल आंबिवलीला पकडते. शहाड, कल्याण, मग ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरनं ऐरोली. बसायला मिळालं तर झोप, नाहीतर गाणी. फोनवर मी कुणाचेही रिव्ह्यू वाचत नाही. दिवसभर तेच करायचं असतं.

८:३०
लॉग-इन. रात्री आलेले रिव्ह्यू रांगेत उभे. त्यातले बरेच मशीननं आधीच मार्गी लावलेले असतात. खातं जुनं आहे का, फोन नंबर ओटीपीनं तपासलाय का, हाच मजकूर आणखी कुठे चिकटवलाय का, एकाच फोनवरून किंवा एकाच नेटवरून किती खाती बोलतायत, हे सगळं ते बघतं. त्याला शंका आली की प्रकरण माझ्याकडे. मशीनला मराठी बेताचंच कळतं. ‘मिसळीनं जीव घेतला’ असं कुणी खूश होऊन लिहिलं की ते धमकी समजून अडवतं. अशांना मी आल्या आल्या सोडते.

१०
कल्याणच्या एका हॉटेलबद्दल तक्रार आली. तिथं माझं नेहमीचं जाणं-येणं, म्हणून शेजारच्या टेबलावर सरकवली. ओळखीच्या दुकानाचा निवाडा आपण करायचा नाही.

११
हा तास डोक्याला ताप देणारा. एका क्लासला दोन दिवसांत पाच ताऱ्यांची झुंबड. ‘उत्तम शिक्षक’, ‘छान वातावरण’, ‘सर्वांनी जरूर प्रवेश घ्यावा’. शिवी नाही, फोन नंबर नाही, नियमात बोट ठेवायला जागा नाही. पण खरा गेलेला माणूस पंखा बंद होता म्हणतो, जिन्यात चपलांचा ढीग होता म्हणतो, गणिताचे सर चांगले पण फी परत मागितली तर तोंड फिरवतात म्हणतो. खऱ्या कौतुकाला कुठेतरी कुसळ असतं. तरी नुसत्या गुळगुळीतपणावर रिव्ह्यू नाकारता येत नाही. काही माणसं तशीच लिहितात. मग खात्यांचा माग काढायचा. बहुतेक त्याच दिवशी उघडलेली आणि दुसऱ्या कशावरच न बोललेली निघाली. थांबवले.

लोकांना वाटतं आम्ही खरं-खोटं ठरवतो. डाळ खारट होती की नव्हती, हे मला ऐरोलीत बसून कसं कळणार? हा माणूस तिथं गेला होता का आणि स्वतःचंच सांगतोय का, एवढंच मी बघते. डाळीचं त्याचं तो जाणे.

१
डबा. सरांनी नव्या मुलांना आयएस १९००० समजावलं. भारतीय मानक ब्युरोचं हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं: रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे. पैसे देऊन लिहून घेतलेला रिव्ह्यू त्यात बसत नाही. पण मानक ऐच्छिक आहे, हे ऐकल्यावर मुलं एकमेकांकडे बघून हसली. विक्रेत्यानं ग्राहक बनून स्वतःची स्तुती करायला मात्र २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ मनाई आहे.

२:३०
मालकांच्या मेल. ‘हा रिव्ह्यू काढा, नाहीतर वकील येईल.’ काढत नाही. ही हिंमत आमची नाही, कायद्यानं दिलेली आहे. पालघर ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा, २०१२ मध्ये, तिथल्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला. त्याच्याबरोबर मुंबईच्या माउथशट या रिव्ह्यूच्या संकेतस्थळाची याचिकाही ऐकली गेली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं आणि मजकूर काढायचं बंधन कोर्टाच्या आदेशानं किंवा सरकारी सूचनेनंच येतं, असं स्पष्ट केलं. मालकाला मी उत्तर द्यायची जागा दाखवते. रिव्ह्यूखाली त्यानं आपली बाजू लिहावी. शांतपणे लिहिणारे थोडे. बहुतेक जण ग्राहकाची आई-बहीण काढतात आणि तो मजकूर परत माझ्याच रांगेत येतो.

एक गोष्ट मला पटत नाही. नाकारलेल्या रिव्ह्यूचं नेमकं कारण आम्ही लिहिणाऱ्याला सांगत नाही. सांगितलं तर खोटं लिहिणारे शहाणे होतील, असं वरचे म्हणतात. खरा माणूस मात्र बिचारा दुकानदारानं सेटिंग लावलं असं समजून बसतो.

५
पाळी संपली.

७:१५
जिन्यात शेजारच्या काकू. काका मोहन्याच्या एनआरसीत होते. २००९ मध्ये कंपनी बंद पडली, तेव्हापासून या घरात कुणी ना कुणी नवा धंदा काढत असतं. आता भाच्याचं सलून.

“अगं, तुझ्या हातात असतं ना ते? टाक की पाच स्टार.”

“काकू, मी नाही टाकू शकत. नोकरी जाईल.”

“मग एवढं शिकून उपयोग काय? राहू दे, आमचा बंट्या टाकतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून.”

“सगळे फोन एकाच वायफायवर आहेत का?” मी विचारलं.

“हो, म्हणजे काय! बिल आम्हीच भरतो.”