ठिबकची नळी आणि मानेची शीर



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे आणि मी काही डॉक्टर नाही. पण घरात जे घडलं, त्यापायी जे विचारून-वाचून समजलं, ते सांगतो.

गेल्या हंगामात आमचे चुलते तात्या, वय ७४, चहा पीत असताना उजव्या हातातून कप निसटला. बोलायला गेले तर शब्द फुटेना. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. "पित्त झालं असेल," म्हणून मोटर चालू करायला निघालेसुद्धा! मुलगा हट्टाला पेटला म्हणून दवाखाना झाला. तपासणीत निघालं, की मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी धमनी, म्हणजे कॅरोटिड, चरबी आणि चुन्याच्या थरानं पाऊण बुजली आहे. ती मोकळी करावी लागेल, पण मोकळी करतानाच लकवा मारण्याचा थोडा धोका आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इथं सगळे अडले. ज्या लकव्याच्या भीतीनं उपचार करायचा, तोच उपचारात यायचा, हे कसं? सहीला कोणी पुढे होईना.

मला ठिबक आठवलं. जुनी लॅटरल धुताना आपण आधी एंड कॅप काढतो. न काढता दाब दिला, तर सुटलेला गाळ पुढच्या ड्रीपरमध्ये जाऊन बसतो. शिरेचंही तेच. थर हलला की त्याचा कण रक्ताबरोबर वर जातो, मेंदूतल्या बारीक वाहिनीत अडकतो आणि तिच्यापुढचा भाग उपाशी राहतो. कॅप काढायला तिथं नळीला टोकच नाही.

वाटा दोन. एक शस्त्रक्रियेची, १९५३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. मायकेल डिबेकी यांनी ती यशस्वी केली होती. धमनीला वर-खाली चिमटे लावून, ती उघडून थर काढतात आणि शेवटचे टाके घालण्याआधी थोडं रक्त बाहेर सोडून कण धुऊन काढतात. आपली एंड कॅपच म्हणा ना! दुसरी वाट जांघेतून तार नेऊन फुगा फुगवायची आणि जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. यात कण अडवायला पुढे छत्रीसारखं बारीक फिल्टर उघडतात, किंवा त्या धमनीतला प्रवाह तेवढ्यापुरता उलटा फिरवतात. सँड फिल्टरचा बॅकवॉश करतो तसाच. तरीही एखादा कण सुटतोच.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रेस्ट' अभ्यासात सुमारे २,५०० रुग्ण होते. उपचाराच्या सुमारास लकवा स्टेंटमध्ये शंभरात चौघांना, शस्त्रक्रियेत दोघांच्या आसपास. हृदयाचा झटका मात्र शस्त्रक्रियेत जास्त. सत्तरीपुढच्यांना स्टेंट कमी मानवला. म्हणून तात्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रियाच सुचवली.

पण सही झाली ती दुसऱ्याच आकड्यावर. आधी असा त्रास होऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असलेल्या रुग्णांचा १९९१ चा अभ्यास आहे. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा शंभरात २६ जणांना झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत, तिचा धोका धरूनही, ९ जणांना. त्यानंतर औषधं पुष्कळ सुधारली, हे खरं. पण एकदा इशारा मिळालेल्या माणसाला पहिले पंधरा दिवसच फार धोक्याचे, तेव्हा थांबण्यात अर्थ नव्हता. तुमच्या घरात कुणाचा हात असा लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर बरं वाटलं तरी त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा. पित्ताची गोळी देऊन झोपवू नका.

तात्यांची शस्त्रक्रिया बाराव्या दिवशी झाली. यंदाच्या ऊस नोंदीवर त्यांनी स्वतः सही केली. जराशी तिरकी आली; पण ती पहिल्यापासूनच तिरकी, असं काकूंचं म्हणणं.