मदतनीस एक, संगणक दोन

आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी प्रोग्राम लिहितांना ‘गिटहब कोपायलट’ या मदतनिसाचें साहाय्य घेतात. पालकांच्या माहितीसाठीं सांगावयाचें तर, हा कोणी मनुष्य नव्हे. ‘व्हीएस कोड’ नांवाच्या लेखनसाधनांत बसून फायली वाचणारा, त्यांत दुरुस्ती करणारा आणि परवानगी मिळाल्यास संगणकास आज्ञाहि देणारा असा तो एक प्रोग्रामच होय. त्यास आपल्या संवयी शिकवाव्या लागतात: टिपा मराठींत लिहाव्या कीं इंग्रजींत, नांवें कशीं द्यावीं, उत्तर त्रोटक असावें कीं सविस्तर. शाळेंत हें सारें नीट बसवून विद्यार्थी घरीं जातो, तों तेथील लॅपटॉपवर मदतनीस पुन्हां कोरा!

यावर उपाय म्हणून २०२० सालीं व्हीएस कोडमध्यें ‘सेटिंग्ज सिंक’ ही सोय आली. मायक्रोसॉफ्ट किंवा गिटहबच्या खात्यानें आंत शिरलें कीं एका यंत्रावरील आवडीनिवडी कंपनीच्या संग्रहांत जातात व दुसऱ्या यंत्रावर उतरतात. फायलींचे ठावठिकाणे वगैरे त्या त्या यंत्रापुरत्या नोंदी ती सहसा नेत नाहीं, हें शहाणपणाचेंच आहे.

परंतु संवयी निराळ्या व किल्ल्या निराळ्या. मदतनिसास बाहेरच्या एखाद्या सेवेशीं जोडावयाचें असतां ‘एमसीपी’ नांवाच्या फायलींत त्या सेवेचा पत्ता लिहितात, आणि घाईंत तिची गुप्त किल्लीहि तेथेंच चिकटवितात. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्या हातीं पडेल तो तुमच्या नांवावर सेवा वापरील, व पैसे वापराप्रमाणें आकारले जात असतील तर बिल वडिलांच्या कार्डावर येईल. पाककृतीची वही शेजारीं द्यावी, पण तींत तिजोरीची किल्ली ठेवून देऊं नये. किल्लीच्या जागीं ‘विचारून घे’ अशा अर्थाची खूण लिहितां येते; मग व्हीएस कोड प्रथम एकदां ती विचारतो व त्या यंत्रावर सुरक्षित ठेवितो. प्रत्येक यंत्रावर ती एकदां टंकण्याचा त्रास पडतो खरा; पण तो घ्यावा.

चुकून किल्ली लिहिली गेलीच, तर नुसती पुसून भागत नाहीं. सिंकच्या संग्रहांत प्रत्येक प्रकारच्या नोंदींच्या शेवटच्या २० आवृत्त्या राखलेल्या असतात, आणि फाइल गिटमध्यें गेली असेल तर तेथील इतिहासांत ती राहतेच. ज्या कंपनीनें किल्ली दिली तिच्या पानावर जाऊन ती रद्द करावी व नवी घ्यावी. हें त्याच दिवशीं करावें, परीक्षा संपल्यावर नव्हे.

प्रयोगशाळेंतील सामाईक संगणकाचा धोका याहून वेगळा, व आमच्या मतें अधिक दुर्लक्षित आहे. सिंक दोन्ही दिशांनीं वाहतें. आपलें खातें उघडें ठेवून कोणी उठून गेला आणि मागून बसलेल्यानें गंमत म्हणून एखादें भलतेंच ‘एक्स्टेन्शन’, म्हणजे जोडप्रोग्राम, बसविलें, तर तें रात्रीं घरच्या लॅपटॉपवरहि आपोआप बसतें. आणि अशा जोडप्रोग्रामास घरच्या फायली वाचतां येतात. त्यांत वडिलांचे हिशेबहि आले. म्हणून शाळेंतून निघण्यापूर्वीं सिंक बंद करून खात्यांतून बाहेर पडावें. बंद करितांना ‘सर्व यंत्रांवर बंद करून संग्रह पुसावा’ अशा अर्थाचा एक चौकोन पुढें येतो. त्यावर मात्र खूण करूं नये, नाहींतर घरचीहि व्यवस्था त्याच क्षणीं थांबेल.