घरच्या शेडमध्ये टर्बो : इंजिनाची हवा आणि आपली हवा

करमाडहून जालना रस्त्याने शहराकडे निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. इथल्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून मोटारींची जुळणी होत आली आहे. २००४ मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस ही भारतीय ग्राहकांना टर्बो पेट्रोल इंजिनाची ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या मोटारींपैकी एक. तिचे १.८ लिटरचे इंजिन सुमारे १५० अश्वशक्ती देत असे. त्या वेळी नवलाईची असलेली ही गोष्ट आता एक लिटरच्या छोट्या गाडीतही मिळते.

या पट्ट्यात कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये हात घडलेले तरुण भरपूर आहेत. जुना टर्बो भंगारात मिळतो, जोडणी मोबाइलवर बघता येते आणि घरामागे पत्र्याची शेड असते. मग जुन्या गाडीच्या इंजिनाला आपणच टर्बो का बसवू नये, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्याआधी दोन हिशेब मांडावे लागतात. इंजिनात किती हवा जाते, हा पहिला. शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला कोणती हवा उरते, हा दुसरा. पहिला चुकला तर पिस्टन जातो. दुसरा चुकला तर जीव जाऊ शकतो.

इंजिनाची भूक

एक लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत, कागदावर, एक लिटर हवा ओढते. मिनिटाला ५,००० फेरे असतील तर २,५०० लिटर, म्हणजे वजनात अडीच किलोच्या आसपास. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. त्यामुळे ताकद वाढवायची तर नुसते पेट्रोल वाढवून भागत नाही, आधी हवा वाढवावी लागते.

आपल्याकडची हवा मुळात विरळ आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की इथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास १४ टक्के हलकी असते. ही तूट भरून काढणे हाच टर्बोचा पहिला उपयोग होता. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर नेले. कमी उंचीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले होते. टर्बो जोडल्यावर ते ३५६ वर गेले.

टर्बोची रचना सोपी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. छोट्या मोटारीतला हा दांडा मिनिटाला दोन लाखांपर्यंत फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या ऑइलचा पुरवठा क्षणभर तुटला तरी बेअरिंग घासले जाते.

दाबली की तापते

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तेच इथे घडते. ४० अंशांची हवा दीडपट दाबली, तर साधारण टर्बोमधून ती ९५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब ५० टक्के वाढला तरी प्रत्यक्ष हवा २७-२८ टक्केच जास्त जाते. मधे इंटरकूलर बसवून ती ५५ अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ ४३ टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणजे इंटरकूलर वगळून वाचवलेले पैसे टर्बोच्या एक तृतीयांशाहून अधिक फायद्यावर पाणी सोडतात.

त्याहून मोठा धोका नॉकिंगचा. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीपासून एका टोकाकडून दुसरीकडे जळत जायला हवे. दाब आणि तापमान जास्त झाले की उरलेले मिश्रण आपोआप, एकदम पेटते. धातूवर खडखड ऐकू येते आणि काही वेळातच पिस्टनची कड वितळते किंवा रिंगा तुटतात. म्हणून कंपन्या टर्बोसाठी वेगळे पिस्टन, मजबूत हेड गॅस्केट आणि नॉकिंग ओळखणारा सेन्सर वापरतात, आणि इंधन व ठिणगीची वेळ संगणकाकडून क्षणाक्षणाला बदलवतात. मूळ पिस्टन आणि मूळ संगणकावर भंगारातला टर्बो चढवला की हे संरक्षण उरत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावे लागते. जुन्या पेट्रोलवर लावलेले माप त्यामुळे कमी पडते.

शेडमधली हवा

आता दुसरा हिशेब. घरी बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ते थंड असते, इंधन जास्त पीत असते आणि बहुधा त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के असल्याचे धरू. एक लिटरचे इंजिन नुसते चालू ठेवले तर मिनिटाला चार लिटरच्या आसपास हा वायू बाहेर टाकेल. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच बंद शेडमध्ये साधारण ३४,००० लिटर हवा मावते. दहा मिनिटांत तिथले प्रमाण दहा लाख भागांत १,२०० भागांपर्यंत जाते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने हीच पातळी जिवाला तत्काळ धोकादायक ठरवली आहे.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशी होते. पेट्रोलचा वास डोक्यात गेला, ऊन लागले, उपाशी होतो, असे म्हणून माणूस काम चालू ठेवतो. पुढे हातपाय गळतात, आणि दार उघडायचे कळत असूनही उठवत नाही.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे दगा देतो. त्याला ऑक्सिजन धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण बुडत असतो. म्हणून आकड्याची वाट न पाहता त्याला उघड्यावर आणा, इंजिन बंद करा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'बंद जागेत इंजिन चालू होते' हे आवर्जून सांगा. आत पडलेल्याला काढायला जाताना आधी सगळी दारे उघडा, नाहीतर वाचवणाराही कोसळतो.

अर्धे शटर वर करणे पुरेसे नाही. इंजिन उघड्या अंगणातच सुरू करावे, धुराची नळी घराच्या खिडक्यांपासून दूर ठेवावी.

आणखी दोन गोष्टी. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारणीभूत ठरणारे घटक असतात, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत. क्लोरीनयुक्त क्लीनरने पुसलेला भाग वेल्डिंगखाली आला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. मॅनिफोल्ड वेल्ड करण्याआधी तो भाग पूर्ण कोरडा हवा.

रस्त्यावर आणता येईल का?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे इथल्या एका कारागिराने भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

ज्याला हे काम खरेच शिकायचे आहे, त्याने इंजिन गाडीत न बसवता स्टँडवर बांधावे. आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हवा खेळती असते, धूर बाहेर नेणारी नळी असते, मोजमापाची साधने असतात आणि शेजारी दुसरा माणूस असतो. दाब, धुराचे तापमान, हवा-इंधनाचे प्रमाण आणि ऑइलचा दाब, हे चार आकडे दिसत नसतील तर इंजिनावर दाब चढवू नये. आणि घरीच काम करायचे असेल, तर टर्बोच्या आधी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा आणि शेडमध्ये एकट्याने कधीही इंजिन सुरू करू नये.