खळ्यातल्या पिकअपची चाळीस वर्षं

जुनी गाडी घरी उघडून पुन्हा उभी करणं ही खान्देशात कधी निव्वळ हौस नव्हती, तो शेतीचाच भाग होता. विहिरीची मोटार जळली की भरून आणायची, तसं पिकअपचं इंजिन बसलं की ते खळ्यात उतरवायचं. धुळ्याहून पारोळा, एरंडोलकडे किंवा अमळनेरहून चोपड्याकडे जाताना गोठ्याशेजारी चपट्या बॉनेटची महिंद्रा हमखास दिसायची. तिच्या खाली कुणीतरी पोत्यावर आडवं झालेलं असायचं आणि बाजूला पान्यांचं टोपलं.

या गाड्यांचं मूळ अमेरिकेतल्या विलीज जीपमध्ये. महिंद्राने १९४० च्या दशकाअखेरीस तिची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे सीजे-३बी हा साचा अमेरिकेत बंद पडला, तरी आपल्याकडे किरकोळ बदलांसह कित्येक दशकं चालू राहिला. त्याच घराण्यातून पिकअप निघाल्या. एका गोष्टीचं महत्त्व फारसं सांगितलं जात नाही. अमेरिकेत जुना ट्रक नीट करणारा माणूस वर्षानुवर्षं सुटे भाग हुडकत राहतो. आपल्याकडे साचाच बदलला नाही, त्यामुळे जुन्या गाडीला नवा भाग बसायचा. बुश, क्रॉस, किंगपिन, पाटे हे सगळं जळगावच्या दुकानात मिळायचं. नाहीच मिळालं तर दिल्लीचं काश्मिरी गेट किंवा कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार होताच.

इंजिनांचा इतिहास तर खास आपला. मूळ सीजे-३बीमध्ये पेट्रोलचं हरिकेन इंजिन असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना आणि लोक डिझेलकडे वळले. बी-२७५ ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली आणि त्या ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. खेड्यातल्या मेस्तरीला ते आधीच तोंडपाठ होतं. म्हणून पिकअपसाठी वेगळा कारागीर शोधावा लागला नाही. ट्रॅक्टरच्या हेडची पॅकिंग बदलणारा हातच हिचंही हेड उतरवायचा.

मग आलं प्यूजोच्या परवान्याचं एक्सडीपी इंजिन, २११२ सीसीचं. बोलीत ते नुसतं ‘डीपी’. ते जरा नाजूक, पण गुळगुळीत चालायचं. थंडीत त्याला हीटर प्लग तापवल्याशिवाय जाग येत नसे, आणि धुळ्याची थंडी काय असते ते डिसेंबरात पहाटे चार वाजता भाजीपाला बाजारात नेणाऱ्यालाच विचारावं. उलट मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रेडिएटर उकळायचा. म्हणून बहुतेकांनी जाड कोअरचा रेडिएटर बसवून घेतला, कुणी पंख्याला आवरण लावलं. गाडीत फेरफार करायचे ते असे, हवामान आणि माल बघून.

माल म्हणजे मुख्यतः दोन, केळी आणि कापूस. रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडच्या गाड्यांच्या हौद्याला लाकडी फळ्यांची पाटण असे. घड खरचटू नयेत म्हणून त्यावर केळीचीच पानं अंथरायची आणि बाजूंना हवा खेळेल अशा पट्ट्या मारायच्या. कापूस हलका पण फुगणारा, म्हणून जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचे कठडे माणूसभर उंच. हौदा पाहिला की गाडी कुठल्या गावची ते जाणता माणूस ओळखायचा. फाळक्यावर मुलांची नावं, कुलदैवत, ‘हॉर्न ओके प्लीज’ हे सगळं पेंटर हाताने लिहायचा. २०१५ मध्ये राज्याने ते ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं आणि पेंटरचं निम्मं काम गेलं.

बाजार मात्र बदलत होता. १९८८ मध्ये टाटा मोबाइल आली, पुढे २०७, आणि २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’. बोलेरो पिकअप तर बांधावर पोचली. कमी देखभाल, हप्त्यावर विक्री. जुन्या गाड्या खळ्याच्या कडेला सरकल्या. काहींवर कोंबड्या बसू लागल्या, काहींचे पाटे काढून ट्रॉलीला लागले.

माझ्या मामांकडे, चोपडा तालुक्यात, १९९४ ची एमएच-१९ पासिंगची डीपी पिकअप अशीच लिंबाखाली पडून होती. मामेभावाने ती उघडायला घेतली तेव्हा घरात कुरकुर झाली. आजी एवढंच म्हणाली, “हाई गाडी आपलीच शे, करू द्या.” बाहेरून पत्रा बरा दिसत होता. खरी पडझड नेहमीच्याच ठिकाणी होती. क्लच-ब्रेकच्या पायाखालचा पत्रा चाळणी झालेला, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांत माती साचून गंज आतून खात गेलेला, आणि मागच्या पाट्यांच्या शॅकल पिना जागीच धरलेल्या. गावातल्या मेस्तरींनी आधी पिनांवर डिझेल टाकून त्या भिजत ठेवल्या, मग गॅसने तापवून एकेक हलक्या हाताने बाहेर काढली. पत्रा भरताना त्यांचा एक नियम होता. गंजलेल्या जागेवर लांबी थापायची नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा, आणि लांबी फक्त शेवटच्या खळग्यांपुरती.

सगळ्यात नाजूक काम चेसिस नंबरचं होतं. घासण्याच्या भरात तो खोदीव नंबर पुसट झाला की गाडीची ओळखच जाते. मेस्तरींनी त्या जागेला यंत्र लावू दिलं नाही. रॉकेलच्या बोळ्याने गंज सोडवला, वर कागद धरून पेन्सिल फिरवली. एकेक आकडा उमटला तेव्हा मामा खाली वाकून आरसी बुकाशी ताडून पाहत होते. मला ती सबंध दुरुस्तीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कारण कायदा आता कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आला. समोरचे लोखंडी गार्ड २०१७ पासूनच बेकायदा. उंच कठड्याने गाडी कलंडते, तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी मला पटतात. पण १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या योग्यता प्रमाणपत्राचं शुल्क कितीतरी पटीने वाढलं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या थेट मोडीत जातात. वनखात्याच्या, पाटबंधारे खात्याच्या जीप लिलावात घ्यायच्या आणि वर्षभर राबून उभ्या करायच्या, ही आपल्याकडची जुनी वाट त्यामुळे बंद झाली. २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियमही पन्नास वर्षं पार केलेल्या, व्यवसायाला न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी. केळी वाहणाऱ्या पिकअपला त्यात जागा नाही.

हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवी कोरी, चकचकीत जीप बनवून आणायची टूम इकडेही आली. दिसायला देखणी, पण तिला मी दुरुस्ती म्हणणार नाही. तिच्यात जुनं फार थोडं असतं. मामांच्या गाडीला मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, मूळ मापाचा हौदा आहे. हौसेपायी फक्त लाकडी पाटण आणि हाताने लिहिलेला फाळका.

आता अडतं ते इंधन पंपावर. यांत्रिक पंप बाकावर लावून त्याचं कॅलिब्रेशन करणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि २०२० च्या बीएस-६ गाड्या शिकलेली पोरं स्कॅनर जोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाहीत. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना या मेस्तरींकडे निदान काही आठवडे पाठवावं. तसं पत्र मामेभावाने आयटीआयला दिलंय, आणि मेस्तरींनी स्वतःचं जुनं डीपी इंजिन शिकवणीसाठी सोडवून ठेवलंय.