पहिल्या नोकरीतली पगारवाढ : मागायची कधी आणि कशी

ऑगस्ट २०२४मध्ये कॉग्निझंट कंपनीच्या भरतीतला एक आकडा समाजमाध्यमांवर वाऱ्यासारखा पसरला. वर्षाला २ लाख ५२ हजार रुपये. म्हणजे महिन्याला २१ हजार, तेही कपाती व्हायच्या आधी. टीका इतकी झाली की कंपनीला खुलासा करावा लागला. हा पगार तीन वर्षांची, अभियांत्रिकीबाहेरची पदवी घेतलेल्यांसाठी आहे, अभियंत्यांना वर्षाला ४ ते १२ लाख मिळतात, असं कंपनीनं सांगितलं. तरीही चर्चा थांबली नाही, कारण लोकांची नाराजी त्या एका आकड्यापुरती नव्हतीच.

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत २०१२च्या सुमारास नवख्या अभियंत्याची सुरुवात वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास होत असे. बारा वर्षांनंतरही कॉलेजातून घाऊक भरती होणाऱ्यांची सुरुवात साडेतीन लाखांच्या आगेमागेच होत होती. इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख मोहनदास पै यांनी याबद्दल जाहीरपणे अनेकदा नाराजी व्यक्त केली आहे. महागाई मात्र थांबलेली नव्हती. २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४मध्ये १९०च्या आसपास पोचला होता. तेव्हाच्या सव्वातीन लाखांत जे यायचं, त्यासाठी आता सहा लाखांहून अधिक लागतात. हिंजवडीत किंवा खराडीत तिघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या, मेसचा डबा लावणाऱ्या लातूरच्या किंवा चिपळूणच्या मुलाला हे दर महिन्याच्या वीस तारखेनंतर आपोआप समजतं.

कॅम्पसवर घासाघीस करायला जागा नसते. शेकडो मुलांना एकाच मजकुराचं पत्र येतं आणि आकडा आधीच छापलेला असतो. फरक पडतो तो वेगळी परीक्षा देऊन वरच्या गटात शिरलेल्यांना. टीसीएसमध्ये ‘निंजा’ आणि ‘डिजिटल’ या दोन गटांच्या सुरुवातीच्या पगारात दुपटीचं अंतर राहिलेलं आहे. बाकीच्यांसाठी पगारावरचं पहिलं खरं बोलणं होतं ते नोकरीला वर्ष-दीड वर्ष झाल्यावर. ते बोलणं बहुतेक जण टाळतात. ‘चिकटलास ना नोकरीला, आता गुमान काम कर’ हे घरातून ऐकत वाढलेल्या मुलाला पगार मागणं म्हणजे उपकार विसरणं वाटतं. हा संकोच सोडायलाच हवा. वाढ देणं हा कंपनीच्या वार्षिक अंदाजपत्रकातला ठरलेला खर्च असतो. त्यातला किती वाटा आपल्याकडे यावा, एवढंच विचारायचं असतं.

विचारण्याआधी आपला पगार नेमका किती, हे कळायला हवं. इथेच पुष्कळांची गफलत होते. समजा, सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ३ लाख ६० हजार आहे, महिन्याला ३० हजार. त्यात मूळ वेतन १५ हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२१, गटविम्याचा हप्ता ४७९ आणि वर्षअखेरीला मिळेल-न मिळेल असा व्हेरिएबल ३,०००. हे सगळं ३० हजारांतच धरलेलं असतं. ते बाजूला काढलं की पगारपत्रकावर उरतात २४ हजार. त्यातून स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की बँकेत जमा होतात २२ हजार. यातली ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षांत कंपनी सोडणाऱ्याच्या पत्रात ती रक्कम दिसते, खात्यात कधीच येत नाही.

आता या पगारावर आठ टक्के वाढ मिळाली, असं धरू. पत्रात महिन्याला २,४०० रुपये वाढलेले दिसतात. सगळे घटक त्याच प्रमाणात वाढले, तर हातात वाढतात १,७७६. मुलीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. या उदाहरणात तिचा पगार २४ हजारांवरून २५,९२० होतो, मर्यादा ओलांडली जाते आणि २०० रुपये कापले जाऊ लागतात. तिच्या हातातली वाढ १,५७६. म्हणून ‘किती टक्के?’ या प्रश्नाला लागूनच ‘कशावर?’ हाही प्रश्न विचारावा. वाढ सगळ्या सीटीसीवर आहे की फक्त निश्चित पगारावर? व्हेरिएबलचा वाटा तर वाढवलेला नाही ना? टक्का तोच राहिला, तरी व्हेरिएबलमधले हजार रुपये निश्चित पगारात आणता आले तर ती खरी कमाई असते.

२१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवायची जुनी पद्धत त्यामुळे अडचणीत आली. मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक आहे. अजून पत्रच हातात नसेल, तर वाढीच्या गोष्टी करण्याआधी ते मागून घ्यावं.

आकडा समजला की पुढचा प्रश्न वेळेचा. वाढीचं पत्र एप्रिल ते जूनच्या दरम्यान येतं, म्हणून बहुतेक नवखे लोक तेव्हा जागे होतात. पत्र हातात आल्यावर मॅनेजरकडे गेलं, तर तो मनापासून सांगतो, ‘आता माझ्या हातात काही नाही.’ ते खरंही असतं. आर्थिक वर्ष मार्चला संपतं. जानेवारी-फेब्रुवारीत सेल्फ-अप्रेझल भरून घेतलं जातं, मग मॅनेजर रेटिंग देतो. ती सगळी रेटिंग एका टेबलावर येतात आणि कुणाला वर ठेवायचं, कुणाला मध्ये, यावर मॅनेजरांमध्ये ओढाताण होते. कार्यालयीन भाषेत याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. वाढीचा पैसा मर्यादित असतो आणि त्याची वाटणी त्या खोलीत होते. नवखा तिथे नसतो. त्याच्या वतीनं बोलणारा एकच माणूस तिथे असतो, त्याचा मॅनेजर.

पगारवाढीच्या बोलण्याचं सगळं मर्म इथे आहे. मॅनेजरचं मन वळवून भागत नाही, त्यानं वरच्यांशी भांडावं यासाठी त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. घरभाडं वाढलं, बहिणीचं लग्न आहे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला, ही कारणं खरी आणि जिव्हाळ्याची असली, तरी त्या खोलीत ती मांडता येत नाहीत. ‘माझ्यापेक्षा त्याला जास्त का?’ हेही मांडता येत नाही. मांडता येतं ते काम, तेही तारखा आणि आकड्यांसह. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून एक साधी फाइल ठेवावी. कोणतं काम कधी हातात घेतलं, किती दिवसांत संपवलं, कुणाचा किती वेळ वाचला, क्लायंटनं कोणत्या मेलमध्ये कौतुक केलं, एवढं तिच्यात लिहीत जावं. वर्षभरानंतर आठवून लिहायला बसलं, तर शेवटचे दोन महिनेच आठवतात.

बोलायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबरची. भर मीटिंगमध्ये किंवा चहाच्या टपरीवर नको. अर्ध्या तासाची वेळ मागून घ्यावी आणि विषय आधीच सांगावा. शब्द साधे असावेत : “सर, येत्या अप्रेझलबद्दल बोलायचं होतं. रोजचा रिपोर्ट मार्चपासून मी स्क्रिप्टवर आणलाय, त्यात टीमचे दिवसाला दोन तास वाचतात. जुलैपासून रात्रीचे कॉल मी एकटी सांभाळते. एवढ्या कामाला आणि दीड वर्षाच्या अनुभवाला बाहेर पाच लाखांच्या आसपास मिळतात. मला तिथपर्यंत यायचंय. यंदा त्यातलं किती होईल आणि त्यासाठी मार्चपर्यंत मी आणखी काय करायला हवं?” एवढं बोलून थांबावं. शांतता अवघड वाटते, म्हणून ‘नाही जमलं तरी चालेल’ हे वाक्य तोंडातून निघून जातं आणि तिथेच मागणी संपते. आकडाही एकच सांगावा. ‘साडेचार ते पाच’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या कानात साडेचारच राहतात.

बाहेरचा भाव कळायचे मार्ग आता बरेच आहेत. ॲम्बिशनबॉक्स, ग्लासडोअर यांसारख्या संकेतस्थळांवर पद, शहर आणि अनुभवानुसार पगार सापडतात, पण किती लोकांनी ते नोंदवले आणि कधी, हे पाहूनच त्यांवर विसंबावं. त्याहून भरवशाचे म्हणजे कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे विद्यार्थी. आपल्याकडे पगार विचारणं असभ्य मानलं जातं. पण ‘तुझा किती?’ असं न विचारता ‘या कामाला सध्या किती मिळायला हवेत?’ असं विचारलं, तर लोक मोकळेपणानं सांगतात.

मुलींच्या बाबतीत अनेक वर्षं एकच सल्ला दिला गेला, ‘तुम्ही मागत नाही.’ त्याला आधार होता. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची लिंडा बॅबकॉक यांनी पाहणी केली होती. तीत पहिल्या नोकरीच्या पगारावर बोलणी करणारे पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया फक्त ७ टक्के निघाल्या. ज्यांनी बोलणी केली, त्यांचा पगार सरासरी सात टक्क्यांहून अधिक वाढला. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ४,६०० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासानं चित्र पालटलं. तिथे स्त्रिया पुरुषांइतक्याच मागत होत्या. मागितल्यावर वाढ मिळायचं प्रमाण मात्र पुरुषांत २० टक्के आणि स्त्रियांत १५ टक्के होतं. दोष मागणारीच्या स्वभावावर ढकलून देणारा सल्ला त्यामुळे अपुरा ठरतो. भारतात समान कामाला समान वेतन हा १९७६पासून कायदा आहे आणि आता तो वेतन संहितेचा भाग आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचं काम आणि हुद्दा तोच असेल, तर त्याच्या पगाराशी तुलना करायचा तिला पूर्ण हक्क आहे.

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूजच्या कारखान्यांत रीत वेगळी असते. तिथे पदवीधर अभियंता ‘ट्रेनी’ म्हणून लागतो आणि साधारण वर्षानं ‘कन्फर्म’ होतो. पगाराची खरी उडी त्या कन्फर्मेशनला असते. त्या पत्रावर सही झाली की पुढची वाढ वर्षभर लांबते. म्हणून तिथे बोलायचं ते कन्फर्मेशनच्या दोन-तीन महिने आधी. लहान कंपनीत एक सोय असते, निर्णय घेणारा मालक समोरच बसलेला असतो. मशिन किती तास बंद राहिलं, रिजेक्शन किती खाली आलं, हे त्याला तोंडपाठ असतं, त्यामुळे शॉप फ्लोअरवरच्या मुलाचा पुरावा त्याला लगेच पटतो.

नकार येतो, बरेचदा येतो. कधी त्याचं कारण कंपनीच्या वरच्या मजल्यावर असतं. २०२५मध्ये टीसीएसनं एप्रिलची वाढ लांबवली आणि नंतर ती १ सप्टेंबरपासून सुमारे ८० टक्के कर्मचाऱ्यांना दिली. अशा वर्षी मॅनेजर कितीही चांगला असला, तरी तो काय करणार? मात्र ‘बघू पुढं’ या उत्तरावर उठून येऊ नये. काय केलं तर वाढ शक्य होईल आणि पुन्हा कधी बोलायचं, हे तिथेच विचारावं. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या मेलनं कळवावं. मॅनेजर बदलतात. तो मेल नव्या मॅनेजरला दाखवता येतो. पैसा नसेल तर प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी, चांगला प्रोजेक्ट, पदनामातला बदल मागता येतो. पुढच्या नोकरीत या गोष्टींना भाव असतो.

राजीनाम्याची धमकी मात्र दुसरं ऑफर लेटर हातात असल्याशिवाय देऊ नये. आणि ते असलं, तरी आधी आपलं नेमणूकपत्र पुन्हा वाचावं. अनेक ठिकाणी ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो, काही ठिकाणी बाँड असतो. बाँड म्हणजे नुसता कागद, हा समज धोक्याचा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या सेवेची आणि ती मोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

नव्या कंपनीत एचआरचा पहिला प्रश्न असतो, ‘सध्याचा पगार किती?’ सोबत तीन महिन्यांच्या पगारपत्रकांची मागणी. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी घातली आहे. भारतात तसा कायदा नाही आणि तो यायला हवा. तोवर कमी पगाराची पहिली नोकरी पुढच्या दोन-तीन नोकऱ्यांत सोबत येत राहते, कारण नवी कंपनी जुन्या आकड्यावर ठरावीक टक्के चढवून मोकळी होते. खोटा आकडा सांगू नये. फॉर्म १६ आणि पीएफच्या नोंदींतून तो उघडा पडतो आणि दिलेली ऑफर मागे घेतली जाते. खरा आकडा सांगून लगेच विचारावं : “या पदासाठी तुमची पगाराची पट्टी काय आहे? मी जुन्या पगारावर किती टक्के, असं न बघता या कामाच्या पट्टीत कुठे बसतो, त्यावर बोलूया का?” काही एचआर पट्टी सांगतात, काही टाळतात. पट्टी कळलीच, तर पुढचं बोलणं तिच्यावरूनच चालू ठेवावं. ठरलेली रक्कम, त्यातला निश्चित पगार आणि व्हेरिएबल हे सगळं लेखी हातात आल्यावरच जुन्या कंपनीत राजीनाम्याचा मेल टाकावा.