उपमा, उपसर्ग, उतारा : उजळणीची शिदोरी

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तरीही ‘सिमिली’, ‘मेटाफर’ ही नावं ऐकली की दहावीतली मुलं बिचकतात. खरं तर ही ओळखीचीच मंडळी, उपमा आणि रूपक. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ लावून तुलना केली की उपमा, आपल्या ‘सारखा’, ‘जणू’ने होते तशी. तो शब्द गळून दोन्ही गोष्टी एकच मानल्या की रूपक. (‘आय लाइक मँगोज’मधलं ‘लाइक’ मात्र क्रियापद आहे, तिथे उपमा शोधू नका.)

शब्दांच्या घडणीत तर नातं रक्ताचंच. ‘अनहॅपी’तला ‘अन’ आणि ‘अनपेक्षित’मधला ‘अन्’ एकाच प्राचीन मुळातून आलेले. नकाराचा ‘इन’ मात्र ‘प’, ‘म’पूर्वी ‘इम’ होतो : ‘इम्पॉसिबल’. शब्द सावकाश उच्चारून पाहा; ‘प’साठी ओठ आधीच मिटतात, म्हणून ‘न’चा ‘म’ होतो.

उताऱ्याचा प्रकार ओळखायला एक प्रश्न पुरतो : लिहिणाऱ्याला वाचकाकडून काय हवंय? हापूसची जाहिरात, आमरसाची कृती, आजोळच्या आंब्याची आठवण; विषय एक, हेतू तीन.

शिक्षकांनो, व्याख्या पाठ करून घेण्याआधी फळ्यावर एक मराठी उदाहरण जरूर लिहा.