क्रूझवरचा बटलर: सोय किती, खर्च किती?

गोव्यात, विशेषतः सासष्टी आणि बार्देशमधल्या अनेक घरांत, क्रूझ जहाज म्हणजे नोकरीची जागा. घरातला कोणी ना कोणी 'जहाजावर' असतो, सहा-आठ महिने काम करून सुट्टीला येतो. आता त्याच जहाजांवर आपली माणसं प्रवासी म्हणूनही चढू लागली आहेत. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, युरोपात किंवा आखातात असते, आई-वडिलांच्या लग्नाची चाळीस वर्षं होतात आणि आठवड्याची सफर ठरते. बुकिंग करताना बाल्कनीच्या केबिनखाली 'स्वीट, बटलर सेवेसह' असा पर्याय दिसतो आणि किंमत एकदम दुप्पट-तिप्पट होते. घरात चर्चा सुरू होते, 'एवढे पैसे घालून तो बटलर करणार तरी काय?'

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हवं तर आधी पैसे कशाचे जातात ते पाहायला हवं.

तिघांची कामं वेगळी

जहाजावर स्टुअर्ड, बटलर आणि कॉन्सिएर्ज ही तीन वेगळी माणसं असतात. केबिन झाडणं, चादरी-टॉवेल बदलणं हे स्टुअर्डचं काम. तो साध्या केबिनलाही असतोच. कॉन्सिएर्ज टेबलामागे बसतो. रेस्टॉरंट, खेळ, किनाऱ्यावरच्या सहली यांचं आरक्षण आणि काही अडचण आली तर निस्तरणं त्याच्याकडे असतं.

बटलर या दोघांच्या मधला. सामान उघडून कपाटात लावणं, शेवटच्या दिवशी पुन्हा भरून देणं, सकाळचा चहा-नाश्ता खोलीत मांडणं, दुपारी खाण्याच्या बशा आणणं, कपडे इस्त्री करून आणणं, बूट पॉलिश, रात्रीचं जेवण खोलीतच एकेक पदार्थ करून वाढणं, ही त्याची नेहमीची कामं. काही जहाजांवर शोच्या राखीव जागेपर्यंत किंवा बंदरावर उतरण्याच्या दारापर्यंतही तोच घेऊन जातो.

इस्त्रीचं ऐकून कोणी हसेल. पण आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या प्रवाशांना केबिनमध्ये इस्त्री किंवा चहाची विजेची किटली आणू देत नाहीत. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट आणि सहा वाजताचा गरम चहा हे दोन्ही कोणाकडून तरी मागवावंच लागतं.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. बटलर 'आपला एकट्याचा' नसतो. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक स्वीट असतात. 'चोवीस तास बटलर' याचा अर्थ चोवीस तास कोणीतरी फोन उचलेल, तोच माणूस दाराशी उभा राहील असा नव्हे.

प्रत्येक कंपनीची रीत निराळी

सिल्व्हरसी या कंपनीच्या जहाजांवर प्रत्येक स्वीटला बटलर असतो. रीजंट सेव्हन सीजमध्ये सगळ्याच खोल्या स्वीट असल्या तरी बटलर मिळतो तो पेंटहाऊस आणि त्यावरच्या वर्गाला. क्युनार्डच्या जहाजांवर क्वीन्स ग्रिल वर्गाला बटलर आहे, त्याखालच्या प्रिन्सेस ग्रिलला नाही. नॉर्वेजियनचा 'हेवन' आणि एमएससीचा 'यॉट क्लब' म्हणजे मोठ्या जहाजातलं छोटं जहाज. तिथे बटलरसोबत वेगळं रेस्टॉरंट, वेगळी बैठक, बऱ्याच जहाजांवर वेगळा पोहण्याचा तलावही असतो आणि आत जायला त्या वर्गाचंच कार्ड लागतं. रॉयल कॅरिबियनच्या ठरावीक मोठ्या जहाजांवर 'स्टार क्लास' स्वीटसाठी 'रॉयल जिनी' नावाने असाच माणूस दिला जातो.

उलट सीबोर्नसारखी महागडी कंपनी बटलर हा शब्दच वापरत नाही, तरीही तिच्या सेवेची तारीफ होते. म्हणजे बटलर आहे की नाही एवढ्यावरून जहाजाचा दर्जा ठरत नाही.

हिशोब मांडून बघू

समजा, दोघांसाठी सात रात्रींची बाल्कनी केबिन ३,००० डॉलरला आहे आणि बटलरवाला स्वीट ८,००० डॉलरला. हे आकडे फक्त उदाहरणापुरते. हंगाम, जहाज आणि बुकिंगची वेळ यावर ते खूप बदलतात. फरक ५,००० डॉलरचा.

त्यात रोजचं सेवाशुल्क धरा. नॉर्वेजियनवर अलीकडचा दर साध्या केबिनला माणशी दिवसाला २० डॉलर आणि हेवन-स्वीटला २५ डॉलर असा होता. दोघांचे सात दिवसांचे ७० डॉलर वाढले. शिवाय याच कंपनीच्या नियमानुसार बटलर आणि कॉन्सिएर्ज यांना या सेवाशुल्कातून वाटा मिळत नाही. त्यांची टिप वेगळी. तिचा ठरलेला दर नाही, आपण १५० डॉलर धरू. एकूण जादा खर्च झाला ५,२२० डॉलर.

आता वजा करायची बाजू. स्वीटमध्ये इंटरनेट आणि एखाद-दोन वेळचं पैसे देऊन घ्यायचं जेवण धरलेलं असेल, तर त्याचे ४५० डॉलर वाचले म्हणा. उरले ४,७७० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर चार लाख रुपयांच्या वर, म्हणजे दिवसाला जवळपास ५८ हजार.

मद्य घेणाऱ्यांचा हिशोब इथे वेगळा होतो. अनेक स्वीटच्या भाड्यात मद्याचं पॅकेज असतं आणि ते सुटं घेतलं तर महाग पडतं. जे घेतच नाहीत, त्यांनी मात्र ही 'सवलत' वजा बाजूला लिहू नये. न वापरलेल्या वस्तूवरची बचत ही बचत नसते.

हे ५८ हजार एकट्या बटलरचे नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. मोठी खोली, शांत रेस्टॉरंट, चढताना-उतरताना वेगळी रांग, सांतोरिनीसारख्या बंदरात जिथे छोट्या होडीने किनाऱ्यावर जावं लागतं तिथे आधी नंबर, या सगळ्याचे ते पैसे आहेत. बटलर हा त्यातला एक भाग. तो हवा म्हणून स्वीट घेणं फार क्वचित परवडतं. स्वीट हवाच असेल आणि त्यासोबत बटलर येत असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर याच फरकात पुढच्या वर्षी दुसरी बाल्कनीची सफर होते आणि वर बंदरांवर खासगी गाडी-गाइड करायलाही पैसे उरतात.

कोणाला फायद्याचं, कोणाला नाही

गुडघे दुखणारे, काठी घेऊन चालणारे आजी-आजोबा बरोबर असतील, तर बटलरची सेवा खरोखर कामाची आहे. तीन-चार हजार माणसांच्या जहाजावर नाश्त्याच्या हॉलमध्ये ताट हातात घेऊन जागा शोधणं हे वयस्कांना जड जातं. खोलीत मांडलेला नाश्ता आणि सोबत चालणारा माणूस यांची किंमत तिथे कळते. लहान बाळ असलेल्या जोडप्याचंही तसंच. बाळ झोपलेलं असताना खोलीत नीट वाढलेलं जेवण मिळतं.

खाण्याची पथ्यं असणाऱ्यांनाही उपयोग होतो. शाकाहार, जैन जेवण, कांदा-लसूण नको, मधुमेहाचं पथ्य, हे रोज नव्या वेटरला समजावण्यापेक्षा एकदाच बटलरला सांगितलं की तो मुदपाकखान्यापर्यंत पोहोचवतो. पण तो स्वतः स्वयंपाक करत नाही. जे जहाजावर आहे तेच येणार. म्हणून पथ्य बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायला हवं, तेही बटलर असो वा नसो.

याउलट सकाळी आठला बंदरावर उतरून संध्याकाळी परतणारे, रात्री शो बघून झोपणारे, अशांच्या वाट्याला बटलर येतो तो दिवसातून दहा मिनिटं. 'आपलं सामान दुसऱ्याने उघडायचं?' असा संकोच वाटणारेही पुष्कळ. आपल्याकडच्या अनेकांना काम सांगायचीच सवय नसते. बटलर विचारतो, 'काही हवं का?' आणि हे म्हणतात, 'नको, नको.' असे सात दिवस गेले की पैसे पाण्यात गेले म्हणायचे. अशांनी बाल्कनीची चांगली, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्यावी आणि खुशाल राहावं.

स्वीट घेतलाच तर पहिल्या दिवशीच बटलरला चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: चहाची वेळ आणि तो कसा हवा, खाण्यातलं काय चालत नाही, कोणत्या रात्री कुठे जेवायचं आहे, आणि कोणत्या वेळी दार वाजवू नये. चांगला बटलर तिसऱ्या दिवसापासून न सांगता ही कामं करतो.

ट्रॉलीच्या त्या बाजूला

हा हिशोब आपल्या भागात आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. इंग्रजांच्या काळात पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर गोव्याचे स्टुअर्ड आणि आचारी असत. दोन सफरींच्या मधल्या काळात ते मुंबईत धोबी तलाव भागातल्या आपापल्या गावच्या 'कुडां'त राहत. गोव्यात या दर्यावर्दींना तारवटी म्हणतात. आज क्रूझवर नाश्त्याची ट्रॉली घेऊन येणारा माणूस मडगावचा किंवा म्हापशाचा निघाला, तर त्यात नवल नाही.

त्या कामाचे तास मोठे असतात. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे नियम पाळूनही दिवसाला १४ तासांपर्यंत काम असू शकतं, आणि करार संपेपर्यंत ते महिनोन्‌महिने चालतं. याच करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. बटलरच्या नोकरीसाठी लाखभर मागणारा एजंट भेटला तर हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

म्हणून टिपेचे पैसे शेवटच्या रात्री उरले तर द्यायचे, असं करू नये. सिल्व्हरसी आणि रीजंटसारख्या कंपन्यांच्या भाड्यात टिप धरलेली असते, तिथे वेगळं काही देण्याची सक्ती नाही. जिथे ती धरलेली नाही, तिथे बुकिंग करतानाच भाड्यासोबत बटलरच्या टिपेची रक्कमही मांडावी. ती मांडल्यावर एकूण आकडा जड वाटत असेल, तर तो स्वीट आपल्या बजेटमधला नाही असं समजून बाल्कनीची केबिन घ्यावी. समुद्र दोन्हीकडून सारखाच दिसतो.